बाळंतिणीचे आठ आणे

ज्या घरांत लवकरच पाळणा बांधावयाचा आहे, त्या घरांत पतिपत्नी हिशेबाला बसलीं कीं पहिला प्रश्न निघतो तो रजेचा. किती आठवडे मिळतील, त्यांतले प्रसूतीच्या आधीं किती घ्यावयाचे आणि नंतर किती, पगार पुरता चालू राहील कीं नाहीं, आणि बापाला कांहीं सुटी आहे कीं बारशाच्या दुसऱ्या दिवशींच त्यानें कचेरी गांठावयाची! सव्वीस आठवडे हा आंकडा आतां सुशिक्षित कुटुंबांत तोंडपाठ झालेला आहे. परंतु तो कोठून आला, त्याच्या मुळाशीं कोणाच्या हालअपेष्टा आहेत, आणि काम बंद असतांना पगार कोणीं द्यावयाचा हा वाद प्रथम कोठें लढला गेला, हें फारसें कोणी विचारीत नाहीं. तो वाद परळ-लालबागच्या गिरण्यांवरून, मुंबई इलाख्याच्या कायदे कौन्सिलांत लढला गेला. आणि या प्रकारचा हिंदुस्थानांतील पहिला प्रांतिक कायदा मुंबई इलाख्यानेंच १९२९ सालीं केला. त्या कायद्याची ही हकीकत आहे.

हकीकतीचा उगम मात्र दूर देशीं आहे. स्वित्झर्लंडमधील ग्लारुस नांवाच्या लहानशा परगण्यानें १८६४ सालीं असा नियम केला कीं, बाळंत झालेल्या बाईस सहा आठवडेपर्यंत कारखान्यांत कामास लावूं नये. १८७७ सालीं सबंध स्वित्झर्लंडला, १८७८ सालीं जर्मनीला आणि १८९१ सालीं इंग्लंडला याच धर्तीचे नियम लागू झाले. या सर्व नियमांत एक मोठी गंमत होती. गंमत म्हणावयाची खरी, पण ज्या बाईवर ती गुदरली तिला तींत हंसण्यासारखें कांहीं नव्हतें. कायदा तिला घरीं बसण्यास सांगे, परंतु घरीं बसून खावें काय, हें सांगत नसे. भुकेची सोय न करतां दिलेली विश्रांति ही शिक्षाच होय, आणि बायका ती चुकवीत. तारीख लपवीत, दुसऱ्या कारखान्यांत जाऊन उभ्या राहत. जर्मनीच्या १८८३ च्या आजारपणाच्या विम्यानें तीन आठवड्यांचा थोडासा आधार दिला, तेव्हां कोठें या गोष्टीला अर्थ आला.

इंग्लंडमधला एक प्रसंग येथें मुद्दाम सांगावासा वाटतो. तेथील १९११ च्या राष्ट्रीय विमा कायद्यानें प्रसूतीच्या वेळीं तीस शिलिंग देण्याची तरतूद केली. पण नवऱ्याच्या विम्यावर मिळणारी ही रक्कम नवऱ्याच्या हातीं पडे. ती पाळण्यापर्यंत पोंचेलच याची शाश्वति काय? मजूर बायकांच्या सहकारी संघानें, मार्गारेट लुएलिन डेव्हिस यांच्या चिटणीसपणाखालीं, यावर मोठी चळवळ केली, आणि १९१३ सालीं दुरुस्ती होऊन ती रक्कम आईच्या मालकीची ठरली. त्या काळीं पुष्कळ प्रतिष्ठित गृहस्थांना यांत संसार मोडण्याची भीति दिसली. संसार मोडले नाहींत.

पहिलें महायुद्ध संपल्यावर १९१९ सालीं वॉशिंग्टन येथें आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेची पहिली बैठक भरली. तिनें प्रसूतिविषयक करार मंजूर केला: बाळंतपणानंतर सहा आठवडे काम बंद, आधीं सहा आठवडे रजेचा हक्क, अंगावर पिणाऱ्या मुलाच्या आईस दिवसांतून दोन वेळां अर्धा अर्धा तास मोकळीक, आणि या काळांत आई व मूल यांचें नीट पोषण होईल एवढा भत्ता. हा भत्ता सरकारी खजिन्यांतून किंवा विम्याच्या योजनेंतून द्यावा, असें करारांत स्पष्ट म्हटलें होतें. एकट्या मालकाच्या खिशाला हात घालण्याची कल्पना त्यांत नव्हती. हा मुद्दा पुढें उपयोगी पडणार आहे, म्हणून श्रोत्यांनीं तो ध्यानांत ठेवावा. त्या परिषदेंत हिंदी मजुरांचे प्रतिनिधि म्हणून नारायण मल्हार जोशी हजर होते. हिंदुस्थान सरकारला परिषदेनें एवढीच विनंती केली कीं, तुमच्याकडील परिस्थितीचा अभ्यास करून अहवाल पाठवा.

अभ्यास मुंबईंत झाला. इलाख्याच्या मजूर कचेरीनें डॉक्टर बार्न्स या बाईंना गिरणींत काम करणाऱ्या स्त्रियांच्या प्रसूतीची चौकशी करण्यास नेमिलें, आणि त्यांचा अहवाल १९२२ सालीं प्रसिद्ध झाला. त्या चाळींतून स्वतः हिंडल्या. एका चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर, पंधरा फूट लांब आणि बारा फूट रुंद अशा एका खोलींत त्यांना सहा बिऱ्हाडें आढळलीं. जमिनीवर सहा वेगळाल्या चुली होत्या. लहानमोठीं माणसें मोजलीं तीं तीस भरलीं. त्या सहा घरधनिणींपैकीं तिघी दिवसांत होत्या. या खोलींत प्रसूतीची आडोशाची सोय कशी करणार, असें बाईंनीं बरोबरच्या परिचारिकेस विचारलें, तेव्हां तिनें तीन फूट बाय चार फूट एवढी जागा दाखविली. तेवढ्यावर पडदा ओढला म्हणजे बाळंतिणीची खोली झाली!

आपल्याकडे बाळंतिणीचा सव्वा महिना म्हणजे काय असतो, हें कोणाही गृहिणीस सांगावयास नको. शेक-शेगडी, बाळंतकाढा, डिंकाचे आणि अळिवाचे लाडू, वाऱ्याला न येणें, जड न उचलणें. पहिलें बाळंतपण माहेरीं, हा तर धर्मासारखा पाळला जाणारा रिवाज. गिरणीतल्या बायकाही, जिला म्हणून शक्य होई ती, दिवस भरत आले कीं रत्नागिरीकडे किंवा घाटावर आपल्या गांवीं जात. जिचें माहेर उरलें नव्हतें किंवा जिच्या घरीं तिच्या मजुरीवांचून चूल पेटत नव्हती, ती मात्र पोटांत कळा येईपर्यंत रिळांच्या खात्यांत उभी असे आणि शरीर पुरतें सांवरण्याच्या आधींच पुन्हां भोंग्याबरोबर फाटकाशीं हजर होई. शास्त्र आणि परंपरा दोघांनीं सांगितलेला सव्वा महिना तिच्या वांट्याला येत नव्हता.

मग तान्ह्या मुलाचें काय? आई दहा तास गिरणींत. मूल शेजारणीच्या किंवा म्हाताऱ्या सासूच्या स्वाधीन, किंवा खोलींत एकटें. त्यानें रडूं नये म्हणून त्याला बाळागोळी देत, आणि तींत अफू असे. डॉक्टर बार्न्स यांना असें आढळलें कीं, गिरणीतल्या बायकांच्या १०० तान्ह्या मुलांपैकीं ९८ मुलांना अफू चारली जात होती. या आंकड्यावरून त्या मातांना निर्दय म्हणणारे सभ्य लोक त्या काळीं कमी नव्हते. दहा तास दूध न मिळणारें मूल गप्प ठेवण्याचा दुसरा कोणता उपाय तिच्या हातीं होता, हें मात्र त्यांपैकीं कोणीं सांगितल्याचें दिसत नाहीं.

१९२१ सालीं मुंबई शहरांत जन्मलेल्या दर हजार मुलांमागें सुमारे ६६७ मुलें वर्षाच्या आंत दगावलीं, अशी नोंद आहे. एका खोलीच्या बिऱ्हाडांत तर हा आंकडा ८२८ पर्यंत गेलेला होता. हे आंकडे अनेक पुस्तकांतून आलेले आहेत आणि ते अंगावर कांटा आणणारे आहेत. परंतु इतिहास सांगणारानें येथें थोडें सावध राहिलें पाहिजे. वर सांगितल्याप्रमाणें पुष्कळ बायका बाळंतपणास गांवीं जात. मुलाचा जन्म कोंकणांत किंवा घाटावर व्हावयाचा, आणि तें मूल दोन महिन्यांनीं मुंबईंत येऊन तेथें दगावलें तर मृत्यूची नोंद तेवढी मुंबईच्या दप्तरांत व्हावयाची. शिवाय जन्माची नोंद करण्याविषयीं लोक निष्काळजी होते. म्हणजे भागावयाचा आंकडा कमी आणि मृत्यूंचा पुरा. खरें प्रमाण यापेक्षां कांहीं कमी असलें पाहिजे. तरी कितीही सूट दिली तरी, जगांतील एका श्रीमंत शहरांत जन्मलेलें मजुराचें मूल वर्ष काढील याचा भरंवसा नव्हता, हें उरतेंच.

जोशी यांनीं १९२४ सालीं मध्यवर्ती कायदेमंडळांत प्रसूतिभत्त्याचें बिल आणलें. कारखाने, खाणी आणि चहाचे मळे यांतील स्त्रियांना तें लागू व्हावयाचें होतें. १९२५ सालीं सभागृहानें तें फेंटाळलें. विरोधाचीं कारणें नेहमींचींच होतीं: अशी मागणी बायकांनीं केलेलीच नाहीं, बायका तर आपण होऊनच गांवीं जातात, दाखला देण्यास स्त्री-डॉक्टर कोठें आहेत, आणि बायकांना अशा सवलती दिल्या तर मालक त्यांना कामावरच ठेवणार नाहींत. यांतील शेवटचें कारण मोठें चिवट आहे. तें १९२५ सालीं सांगितलें गेलें, १९२८ सालीं सांगितलें गेलें, आणि सव्वीस आठवड्यांचा कायदा झाला तेव्हांही तेंच सांगितलें गेलें. त्यांत तथ्य मुळींच नाहीं असें मी म्हणणार नाहीं. पण त्याचें उत्तर रजा नाकारणें हें नसून रजेचा भार कोणावर टाकावा हें ठरविणें आहे.

नेमकें हेंच १९२८ सालीं मुंबई कौन्सिलांत निघालें. तेथें प्रसूतिभत्त्याचें प्रांतिक बिल चर्चेस आलें तो समय लक्षांत घेण्याजोगा आहे. त्या वर्षीं एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत मुंबईच्या गिरण्यांत सार्वत्रिक संप चालू होता. धुराडीं थंड होतीं, चाळींतून उपासमार होती, आणि अशा वेळीं जुलै महिन्यांत सभागृहांत गिरणीतल्या बाळंतिणीला दररोज किती आणे द्यावे याचा विचार चालला होता.

२८ जुलै १९२८ या दिवशीं डॉक्टर भीमराव रामजी आंबेडकर या बिलाला पाठिंबा देण्यास उभे राहिले. ते तेव्हां कौन्सिलाचे सरकारनियुक्त सभासद होते, पण सरकार बिलाच्या विरुद्ध होतें. त्यांच्या भाषणाचा रोख असा: प्रसूतीच्या आधीं व नंतर आईला विश्रांति मिळणें हें राष्ट्राच्या हिताचें आहे, म्हणून हा भार बऱ्याच अंशीं सरकारनेंच उचलावयास पाहिजे. परंतु सरकार तो उचलीत नाहीं, म्हणून मालकाची जबाबदारी नाहींशी होते असें नव्हे. मालक कांहीं धंद्यांत पुरुषांऐवजीं बायकांना लावतो तो कांहीं भूतदयेनें नव्हे. त्यांत त्याचा अधिक फायदा असतो म्हणून. ज्याला हा विशेष फायदा मिळतो, त्यानें या खर्चाचा कांहीं वांटा उचलावा, हें सर्वस्वी रास्त आहे. अर्थशास्त्राचा पंडित जसें बोलेल तसें हें बोलणें होतें. दयेची याचना त्यांत कोठेंच नव्हती. माझ्या मतें त्या सबंध वादांतलें हें सर्वांत बळकट प्रतिपादन होय.

बिल मंजूर झालें आणि १९२९ सालीं कायदा झाला. त्यांत बाळंतपणापूर्वीं तीन आठवडे आणि नंतर चार आठवडे असे मिळून सात आठवडे, दररोज आठ आणे भत्ता ठरला. प्रसूतीनंतरचे चार आठवडे तिला कारखान्यांत कामास लावणें हा गुन्हा ठरला. भत्ता मिळण्यास त्याच मालकाकडे ठराविक मुदतीची नोकरी झालेली असली पाहिजे, अशी अट होती. आधीं ती सहा महिने होती, ती पुढें वाढविण्यांत आली.

एकोणपन्नास दिवसांचे आठ आण्यांप्रमाणें साडेचोवीस रुपये होतात. मुंबईंत त्या दशकांत गिरणीतल्या बाईची कमाई महिना १७ रुपयांच्या आसपास होती, म्हणजे हा भत्ता तिच्या मजुरीच्या बराच जवळ जाणारा होता. आज ही रक्कम ऐकून हंसूं येईल. पण पठाणाकडून रुपयाला महिना एक-दोन आणे व्याजानें पैसे काढणाऱ्या घरांत, बाळंतपणाच्या ऐन वेळीं येणारे साडेचोवीस रुपये कर्ज टाळणारे होते. आणि नंतरचे अठ्ठावीस दिवस आमच्या सव्वा महिन्याला दहा-बारा दिवस कमीच पडत होते, हेंही नमूद केलें पाहिजे. सरकारच्या कायद्यापेक्षां आजीबाईचा कायदा अधिक उदार होता.

१९३० सालीं मध्यप्रांतानें असाच कायदा केला, १९३४ सालीं मद्रासनें, पुढें संयुक्त प्रांत आणि बंगाल यांनीं. १९४१ सालीं खाणींतील स्त्रियांसाठीं मध्यवर्ती कायदा झाला. कायद्यांच्या बरोबर पळवाटाही वाढल्या. रेगे यांच्या अध्यक्षतेखालील मजूर चौकशी समितीनें १९४६ सालीं जो अहवाल दिला त्यांत या पळवाटा मांडल्या आहेत. गरोदरपणाची पहिली खूण दिसतांच बाईला कामावरून कमी करावयाचें. किंवा शक्यतों अविवाहित मुली, विधवा आणि मूल होण्याचें वय उलटलेल्या बायकाच घ्यावयाच्या. कामावर घेणें-काढणें नायकिणीच्या हातीं असे, तेव्हां कारण लिहून ठेवण्याचा प्रश्नच नव्हता. १९२० च्या सुमारास मुंबईच्या गिरणी कामगारांत सुमारें पांचवा हिस्सा बायका होत्या. पुढें हें प्रमाण सारखें घटत गेलें. त्याला रात्रपाळीची बंदी, नवी यंत्रें आणि कामगारकपात हीं कारणेंही होतीं, एकट्या भत्त्याला दोष देणें बरोबर होणार नाहीं. पण प्रत्येक बाळंतिणीचा खर्च तिच्याच मालकाच्या वहींत पडूं लागला कीं, मालक बाईकडे खर्च म्हणून पाहूं लागतो, हें खोटें नाहीं. वॉशिंग्टनच्या करारानें विम्याचा मार्ग सांगितला होता तो याचसाठीं.

तो मार्ग हिंदुस्थानांत स्वातंत्र्यानंतर निघाला. प्राध्यापक अडारकर यांनीं १९४४ सालीं कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना सादर केली. आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेच्या तज्ज्ञांनीं तींत प्रसूतिभत्ता गोंवण्याची सूचना केली, आणि १९४८ सालीं कामगार राज्य विमा कायदा झाला. मुंबईस ही योजना १९५४ सालीं लागू झाली. यांत मालक आणि कामगार दोघेही वर्गणी भरतात व भत्ता निधींतून मिळतो; एखाद्या गिरणींत बायका अधिक म्हणून त्या गिरणीवर अधिक बोजा पडत नाहीं.

परंतु ज्यांना ही विमायोजना लागू नव्हती त्यांच्यासाठीं १९६१ सालीं जो प्रसूतिलाभ कायदा झाला, त्यानें जुनीच वाट धरली. बारा आठवड्यांचा पगार, आणि तो देणार मालक. नोकरीची अट आरंभीं १६० दिवसांची होती, ती १९८८ सालीं ८० दिवसांवर आली. वैद्यकीय मदत आरंभीं २५ रुपये होती, ती २०११ सालीं ३,५०० झाली. १९७७ सालीं सर्वोच्च न्यायालयापुढें असा प्रश्न गेला कीं, मळ्यांत रविवारीं मजुरी मिळत नाहीं, तर बाळंतिणीच्या भत्त्यांत रविवार धरावा काय? न्यायालयानें धरावा असा निर्णय दिला. भूक रविवारीं सुटी घेत नाहीं हें तेथें मान्य झालें. २००० सालीं दिल्ली महापालिकेच्या रोजंदारीवरील बायकांनाही हा कायदा लागू असल्याचें त्याच न्यायालयानें ठरविलें. शेवटीं २०१७ सालीं पहिल्या दोन मुलांपुरती ही मुदत सव्वीस आठवडे झाली आणि पन्नास माणसें कामास असलेल्या ठिकाणीं पाळणाघर आवश्यक ठरलें. १९३४ च्या कारखाने कायद्यांतही पन्नासच्याच आंकड्याभोंवतीं पाळणाघराची तरतूद होती, पण तेव्हां ते पन्नास म्हणजे पन्नास बायका. आतां पुरुषही मोजतात, ही सुधारणा शब्दांनीं लहान असली तरी तिच्यांत मूल हें बापाचेंही असतें याची कबुली आहे. हा कायदा आतां सामाजिक सुरक्षा संहितेंत सामावला गेला असून ती संहिता नोव्हेंबर २०२५ पासून अमलांत आहे. सव्वीस आठवडे तेच राहिले. बापाच्या रजेविषयीं मात्र खासगी नोकरीसाठीं सर्वसाधारण कायदा नाहीं. केंद्र सरकारच्या नोकरांना पांचव्या वेतन आयोगानंतर पंधरा दिवस मिळूं लागले, तेवढेच.

आणि मालकच ज्यांना नाहीं त्या बायका? २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानें गरोदर स्त्रीस किमान ६,००० रुपये देण्याचें कबूल केलें. २०१७ सालीं सुरू झालेल्या मातृवंदना योजनेंत पहिल्या मुलासाठीं ५,००० रुपये ठरले. परळच्या चाळींची आठवण करून देणारें चित्र आज पहावयाचें तर बीडकडून ऊसतोडीला निघणाऱ्या टोळ्यांकडे पहावें. तेथें नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरला जातो. उचल दोघांच्या नांवानें घेतलेली असते. त्यांतलें एक दिवसभर कामावर आलें नाहीं तर खाडा म्हणून दंड कापला जातो. पोटांत सात महिन्यांचें मूल असलेली बाई मोळी डोक्यावर घेऊन गाडीवर चढते, कारण तिच्या विश्रांतीचा दिवस दोघांच्या हिशेबांतून वजा होतो. या जिल्ह्यांतील ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रिया इतक्या झाल्या कीं २०१९ सालीं राज्य सरकारला त्यासाठीं चौकशी समिति नेमावी लागली. त्या बाईचा मालक कोण, मुकादम कीं साखर कारखाना, हा प्रश्न विचारला कीं कारखाना मुकादमाकडे बोट दाखवितो, आणि मुकादम म्हणतो, मी तर नुसता उचल वांटणारा.